तलावातले डाग घासू नका, आधी ओळखा!



दहावीच्या विज्ञानात 'रासायनिक अभिक्रिया व समीकरणे' हा पाठ आहे. ऑक्सिडीकरण म्हणजे काय, क्षपण म्हणजे काय, हे मुलं धडाधड म्हणून दाखवतात. पण "हे घरात कुठे दिसतं?" असं विचारलं की गंजलेला खिळा सोडून दुसरं उदाहरण सहसा येत नाही. आज आपण त्या पाठाचं एक मोठ्ठं उदाहरण बघू. ते आहे घरच्या पोहण्याच्या तलावाचं.

कोणी म्हणेल, सर, आमच्याकडे कुठे आलाय तलाव! खरं आहे. पण अलिबाग, कर्जत, लोणावळा, गोवा या पट्ट्यात आता बंगल्याला तलाव ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सोसायट्यांमध्ये आहेत, आपण सहल नेतो त्या फार्महाऊसवर आहेत. आणि ज्यांच्याकडे तलाव नाही पण बोअर आहे, त्यांच्या न्हाणीघरातल्या पिवळ्या पडलेल्या फरश्यांनाही इथलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

तक्रार बहुतेक एकाच तऱ्हेची असते. बोअरच्या पाण्याने तलाव भरला, पाणी अगदी काचेसारखं. संध्याकाळी क्लोरीन टाकलं. सकाळी बघतात तर पाणी कोऱ्या चहासारखं, आणि दोन दिवसांनी पायऱ्यांवर, तळाला पिवळे-तपकिरी डाग. मग घरचे म्हणतात, पाणी खराब झालं, अजून क्लोरीन टाका. डाग आणखी गडद होतात. मग तारेची घासणी येते. मग ॲसिडची बाटली येते. शेवटी तलाव रिकामा करून पुन्हा भरतात, त्याच बोअरच्या पाण्याने!

या चारही उपायांमागे एकच गैरसमज आहे. डाग म्हणजे मळ, असं आपण धरून चालतो. हा मळ नाही. पाण्यात आधीपासून विरघळलेला धातू बाहेर पडून तिथे बसला आहे.

पारदर्शक पाण्यात लोखंड?

लोहाची दोन रूपं मुलांना माहीत असतात, फेरस आणि फेरिक. जमिनीखाली, जिथे हवा पोचत नाही, तिथे लोह फेरस रूपात असतं. ते पाण्यात विरघळतं आणि दिसत नाही. पाणी वर आलं, हवेतला ऑक्सिजन मिळाला की फेरसचं फेरिक होतं. फेरिक आपल्या नेहमीच्या पाण्यात विरघळून राहू शकत नाही. त्याचा तपकिरी साका होतो. हेच ऑक्सिडीकरण. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जांभ्या दगडाचा लाल रंगच मुळी लोहाच्या ऑक्साइडचा, आणि तिथल्या कित्येक बोअरचं पाणी बादलीत तासभर ठेवलं की पिवळं पडतं.

हवेने हे काम सावकाश होतं. क्लोरीन मात्र जबरदस्त ऑक्सिडीकारक आहे, ते काम झटक्यात उरकतं. म्हणजे क्लोरीनने पाणी 'खराब' केलं नाही. जे लपलेलं होतं ते उघडं पाडलं. आणि आणखी क्लोरीन टाकणं म्हणजे उरलंसुरलं लोहही भिंतीवर बसवणं.

आता थोडं गणित, कारण ते केल्याशिवाय प्रश्नाचा आकार कळत नाही. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल असा तलाव घ्या. पाणी झालं ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर. बोअरच्या पाण्यात लिटरमागे फक्त १ मिलिग्रॅम लोह असलं तरी तलावात ४८ ग्रॅम लोह आलं. मूठभर खिळेच टाकले म्हणा ना! शिवाय उन्हाळ्यात बाष्पीभवन होतं. रोज अर्धा सेंटिमीटर पाणी उडालं तर १६० लिटर गेले. गेलं ते शुद्ध पाणी, लोह मागेच राहिलं. आणि भर घातली ती पुन्हा लोहवाल्या पाण्याची. एप्रिल-मे या दोन महिन्यांत अशी ९,६०० लिटर भर पडते, म्हणजे आणखी साडेनऊ ग्रॅमच्या वर लोह. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर लोह असलं की कपड्यांवर आणि नळाच्या भांड्यांवर डाग पडू लागतात. त्यावरून तिप्पट लोह असलेल्या पाण्याचं काय होईल ते समजतं.

कोणता धातू आहे, हे आधी ठरवा

मुख्य धातू तीन. लोहाचा डाग पिवळा, तपकिरी, गंजाच्या रंगाचा. तांब्याचा हिरवा-निळसर, कधी राखाडी किंवा काळपट. मँगनीजचा जांभळट काळा किंवा गडद तपकिरी. पण नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नका. झाडाची पानं तळाशी कुजली की त्यातल्या टॅनिनचाही तपकिरी डाग पडतो, आणि काळा ठिपका शेवाळाचाही असतो.

म्हणून साधी चाचणी करायची. एक 'क' जीवनसत्त्वाची गोळी घ्या, डागावर अर्धा-एक मिनिट दाबून धरा. डाग फिका पडला तर तो बहुधा लोहाचा. (आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चघळायच्या गोळ्या नारिंगी रंगाच्या असतात, त्यात साखर आणि रंग असतो. त्यापेक्षा ॲस्कॉर्बिक आम्लाची पांढरी पावडर जुन्या मोज्यात बांधून काठीने डागावर धरली तर निकाल स्वच्छ दिसतो.) दुसऱ्या डागावर क्लोरीनचे चार दाणे ठेवून बघा. त्याने फिका पडला तर डाग पानाफुलांचा किंवा शेवाळाचा, धातूचा नाही. मात्र तलावाला प्लास्टिकचं अस्तर असेल तर ही दुसरी चाचणी करू नका, अस्तराचाच रंग उडेल. दोन्हीने फरक पडला नाही आणि रंग हिरवट असेल तर तांब्याचा संशय घ्या.

'क' जीवनसत्त्वाने असं काय होतं? ॲस्कॉर्बिक आम्ल क्षपणकारक आहे. ते फेरिकला परत फेरस करतं, आणि फेरस पुन्हा पाण्यात विरघळतं. क्लोरीनने केलेलं काम उलटं फिरतं. पालकांनो, हेच तुमच्या ताटातही चालतं. पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणात आवळा ठेवा असं सांगतात, कारण भाजीतलं लोह फेरस रूपात आलं की आतड्यात सहज शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच चहा नको म्हणतात, कारण चहातलं टॅनिन लोहाला बांधून टाकतं. वर्गात हे दोन दाखले शेजारी शेजारी ठेवले की क्षपण म्हणजे काय ते मुलं विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

तांबं बोअरमधून येत नाही

निदान सहसा नाही. ते आपणच आणतो. एक वाट मोरचुदाची. शेतकऱ्याला मोरचूद नवं नाही, बोर्डो मिश्रणात तेच असतं. शेवाळ मारायला म्हणून तलावाची देखभाल करणारे तेच अंदाजाने ओततात. मोरचुदात वजनाच्या साधारण चौथा हिस्सा तांबं असतं. पाव किलो मोरचूद आपल्या ४८,००० लिटरच्या तलावात टाकलं तर सुमारे ६४ ग्रॅम तांबं गेलं, म्हणजे लिटरला १.३ मिलिग्रॅम. पुढच्या महिन्यात आणखी पाव किलो. तांबं उडून जात नाही, साठत जातं.

दुसरी वाट पाणी तापवण्याच्या यंत्रणेची. हीटर, सोलर यांत तांब्याच्या नळ्या असतात. पाण्याचा सामू ७ च्या खाली गेला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालं, की ते तांबं खायला लागतं. टीसीसीएच्या गोळ्या वापरणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. त्या गोळ्या स्वतः आम्लधर्मी असतात आणि रोजच्या वापराने सामू हळूहळू खाली ओढतात.

पोहून केस हिरवे होतात ते क्लोरीनने, अशी समजूत आहे. खरं तर तो रंग तांब्याचा. काळ्या केसांवर दिसत नाही इतकंच. पिकलेल्या किंवा रंग उडवलेल्या केसांवर लगेच दिसतो. आजीच्या केसांना हिरवट झाक आली तर शाम्पू बदलण्याआधी तलावातलं तांबं तपासा.

डाग काढायचे कसे?

लोहाच्या डागांसाठी ॲस्कॉर्बिक आम्लाचा उपाय चांगला. पण त्याचा क्रम चुकला तर पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

आधी क्लोरीन शून्याजवळ आणा. का, ते गणितानेच कळतं. १७६ ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल ७१ ग्रॅम क्लोरीनशी अभिक्रिया करून संपतं. आपल्या तलावाला सुरुवातीला १,००० लिटरमागे ६ ग्रॅम या मानाने साधारण ३०० ग्रॅम आम्ल लागेल. तेवढं आम्ल १२१ ग्रॅम क्लोरीन खातं, म्हणजे लिटरला अडीच मिलिग्रॅम. तलावात नेहमी लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन असतंच. म्हणजे क्लोरीन तसंच ठेवून आम्ल टाकलं तर ते डागापर्यंत पोचायच्या आधीच बहुतेक संपेल. क्लोरीन टाकणं थांबवून तलाव उन्हात उघडा ठेवला की ते उतरतं. पाण्यात सायन्युरिक आम्ल साठलेलं असेल तर जास्त दिवस लागतात. मग हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, थोडं थोडं वापरतात. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तेच.

या दिवसांत कोणीही पाण्यात उतरायचं नाही. जंतू मारायला पाण्यात काही उरलेलं नसतं, आणि पाणी मात्र दिसायला स्वच्छ असतं. मुलांना हे सांगून ठेवा, नुसतं फाटक लावून भागत नाही. शेवाळाची भीती असेल तर शेवाळनाशक वापरा, पण तांबं नसलेलं. डबीवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका.

मग सामू ७.२ च्या आसपास आणून, पंप चालू ठेवून, पावडर डाग असलेल्या बाजूंनी पसरायची. पायऱ्यांवरचे डाग कधी कधी अर्ध्या तासात निघतात, खोल भागातले दिवसभर घेतात. फरक पडतोय पण पूर्ण नाही, असं दिसलं तर दुसऱ्या दिवशी तेवढीच पावडर पुन्हा. त्याच्याही पुढे जावं लागत असेल तर तो डाग बहुधा निव्वळ लोहाचा नाही, किंवा वर चुन्याचा थर चढून आत अडकला आहे.

डाग गेला म्हणजे काम संपलं, असं वाटून इथेच बरेच जण फसतात. लोह कुठे गेलं? परत पाण्यात! आता क्लोरीन टाकलं की उद्या सकाळी डाग हजर. म्हणून त्याच दिवशी पाण्यात धातू बांधून ठेवणारं रसायन टाकायचं. त्याला सिक्वेस्टरंट म्हणतात. तलावासाठी बरेचदा एचईडीपी नावाचं असतं. ईडीटीए हेही त्याच कामाचं. ही रसायनं धातूच्या कणाला चारी बाजूंनी धरतात आणि साका होऊ देत नाहीत. रसायनशास्त्रात या पकडीला कीलेशन म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतल्या खेकड्याच्या नांगीवरून आला आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनने लोह आणि पानातल्या हरितद्रव्याने मॅग्नेशियम असंच धरून ठेवलेलं असतं.

नंतर क्लोरीन हळूहळू वाढवा. पहिले एक-दोन दिवस टाकलेलं क्लोरीन गायब होईल, मोजमाप शून्यच दाखवेल, कारण उरलेलं ॲस्कॉर्बिक आम्ल ते खात असतं. घाबरून एकदम डबा उपडा करू नका. थोडं टाका, मोजा, पुन्हा थोडं. लिटरला १ मिलिग्रॅम टिकायला लागलं की मुलांना पाण्यात सोडायला हरकत नाही. सामू आणि क्षारता या सगळ्यात खाली गेलेली असते. क्षारतेसाठी खाण्याचा सोडा चालतो, पण तोही बेताने, कारण सामू एकदम चढला तरी धातू बाहेर पडतो.

तांब्याच्या डागांवर सायट्रिक आम्लाची पिशवी धरून ठेवली तर बऱ्याचदा गुण येतो. मँगनीज चिवट आहे. तिथे जाणकार माणूस बोलावलेला बरा.

जे मुळीच करायचं नाही

तारेची घासणी किंवा पोलादी ब्रश वापरू नका. त्याचे बारीक तुकडे तळाशी राहतात आणि प्रत्येक तुकडा स्वतःचा गंज सोडतो. नायलॉनचा ब्रश घ्या.

ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एकाच बादलीत तर नाहीच, एकामागोमाग त्याच बादलीतही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसं जाळतो. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर ही दोन्ही 'क्लोरीनच' म्हणून एका डब्यात ओतणं तितकंच घातक, तिथे आग किंवा स्फोटही होऊ शकतो. डबे वेगळे, मापं वेगळी, आणि कुलूप. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, हे आपण नववीच्या मुलांना शिकवतो; बंगल्यावरच्या देखभाल करणाऱ्या माणसाला ते कोणी सांगितलेलं असतं का? सांगा. मराठीत लिहून भिंतीवर लावा.

आणि तलाव रिकामा करण्याची घाई नको. शेजारच्या वाडीत मे महिन्यात टँकरची वाट बघत हंडे लावलेले असताना ४८,००० लिटर पाणी गटारात सोडणं मनाला पटत नाही, आणि त्याच बोअरने पुन्हा भरणार असाल तर उपयोगही शून्य. पावसाळ्यात तर रिकामा तलाव धोक्याचा. जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं, ते रिकाम्या टाकीला खालून उचलतं. फायबरचे तलाव असे वर आलेले आहेत, सिमेंटच्यांना तडे जातात.

धातू आत येऊच नये म्हणून

तलाव भरण्याआधी बादलीची चाचणी करा. पांढरी बादली, त्यात भरायचं पाणी, चिमूटभर ब्लीचिंग पावडर, आणि अर्धा तास वाट. पाणी पिवळं-तपकिरी झालं तर लोह. काळपट तपकिरी झालं तर मँगनीजही. जसंच्या तसं राहिलं तर बिनधास्त भरा. टँकरच्या पाण्यालाही हीच चाचणी लावा, टँकर बरेचदा कुठल्यातरी बोअरवरच भरलेला असतो. सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रयोग सुंदर होतो. पावडर शिक्षकांनी टाकायची, मुलांनी दर पाच मिनिटांनी रंग लिहायचा. शेवटी त्याच बादलीत ॲस्कॉर्बिक आम्लाची पावडर टाकून ढवळा आणि रंग जाताना मुलांचे चेहरे बघा.

चाचणीत लोह निघालं तर जे तलावात होणार तेच आधी दुसऱ्या टाकीत होऊ द्या. पाणी उंचावरून फवारत टाकीत सोडा म्हणजे हवा मिसळते, थोडं क्लोरीन घाला, रात्रभर निवू द्या, आणि वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून तलावात घ्या. साका टाकीच्या तळाशी राहतो. रोजची भर घालायची असेल तर लोह काढणारा फिल्टर बोअरच्या नळावर बसवणं सोयीचं. सिक्वेस्टरंटवर कायमचं विसंबू नका. क्लोरीन त्याला हळूहळू तोडतं, म्हणून डबीवर दिल्याप्रमाणे ते पुन्हा पुन्हा टाकावं लागतं, आणि धातू पाण्यातच राहतो. तो खरोखर बाहेर काढायचा तर थोडं थोडं पाणी काढून धातू नसलेलं पाणी भरायला हवं.

धातू नसलेलं पाणी आणायचं कुठून? कोकणात ते आकाशातून पडतं. १०० चौरस मीटरचं छप्पर आणि २,५०० मिलिमीटर पाऊस धरला तर हिशेबाने अडीच लाख लिटर होतात, म्हणजे आपला तलाव पाच वेळा भरेल. निम्मं जरी हाती लागलं तरी पुरे. फक्त पन्हाळी गंजलेल्या पत्र्याची नको, नाहीतर तिथूनच लोह येईल; आणि पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, त्यात छपरावरची धूळ आणि पानं असतात. पावसाचं पाणी क्षार नसलेलं, भुकेलं पाणी असतं. ते सिमेंटच्या गिलाव्यातला चुना खातं. म्हणून ते भरल्यावर क्षारता आणि कॅल्शियम मोजून वाढवावं लागतं.

एक शेवटची गोष्ट सुट्या ठिपक्यांबद्दल. सगळीकडे पसरलेला डाग पाण्यातून येतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारा गोल ठिपका पाण्यातला नसतो. आधी तिथे केसाची पिन, खिळा, शिडीचा सुटलेला स्क्रू पडला आहे का ते बघा. काही नसेल तर गिलाव्याच्या आतली सळई गंजत असेल. तिथे कुठलीही पावडर टिकत नाही. गवंड्याला बोलावून तेवढा भाग फोडून सळई साफ करून नव्याने बुजवून घ्यावा लागतो.